चाकणचे चौदा की कुपवाडचे सहा?

पत्र

सप्रेम नमस्कार. मी सांगलीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आठवं सेमिस्टर आमच्याकडे दोन प्रकारे करता येतं: कॉलेजात बसून इलेक्टिव्ह आणि प्रोजेक्ट, नाहीतर जानेवारी ते जून एखाद्या कंपनीत पूर्णवेळ इंटर्नशिप. माझ्यासमोर दोन कंपन्या आहेत. चाकणची, गाड्यांचे पार्ट बनवणारी मोठी कंपनी कॉलेजमार्फत आली. महिना 14,000, दुपारचं जेवण आणि कंपनीची बस. काम ‘सप्लायर क्वालिटी’त आहे म्हणे. दुसरी कुपवाड एमआयडीसीतली, पंप आणि व्हॉल्व्हच्या कास्टिंगचं मशिनिंग करणारी, साठेक माणसांची. महिना 6,000, बाकी काही नाही. तिथले वर्क्स मॅनेजर म्हणाले, ‘काम भरपूर आहे, येऊन बघून जा.’ मी जतकडची. विश्रामबागला तिघींनी मिळून खोली घेतलीय, वाट्याला 1,800 येतात, मेसचे 2,600. वडील म्हणतात, चौदा हजार आणि पुण्याचं नाव सोडून कुपवाडात काय ठेवलंय? दादा म्हणतो, दोन्ही सोड, कॉलेजात राहा, फेब्रुवारीत एम.टेक.साठीची गेट परीक्षा आहे, फॉर्म भरलायस ना? कॅम्पसमध्ये अजून कुठे निवड झालेली नाही. मैत्रिणीचा भाऊ कॅनडात ‘को-ऑप’ करतो, त्याला भरपूर पैसे मिळतात. आपलं हे तेच का? विभागाला पंधरा दिवसांत कळवायचंय.

एक विद्यार्थिनी, विश्रामबाग, सांगली

उत्तर

आधी पैशांचं बघू, कारण घरातला वाद तिथेच अडकलाय.

चाकणच्या चौदा हजारांतून कॉटबेसिसचे 5,000 धर. दुपारचं कंपनीत, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण 3,000. सुट्टीच्या दिवशी कंपनीचं जेवण नसतं आणि बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात, त्याचे 500. रिचार्ज 300, गावात फिरणं 500, साबण-औषध-झेरॉक्स मिळून 1,000. महिन्यातून दोनदा घरी यायचं तर पुणे, सांगली आणि पुढे जत असा प्रवास. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून हे 1,200 मध्ये बसतं. मुलगा असतास तर दुप्पट लिहिले असते. बेरीज 11,500. उरले 2,500.

कुपवाडचं: खोली 1,800, मेस 2,600, बस नाहीतर वडाप (शेअर जीप) 700, रिचार्ज 300, घरच्या फेऱ्या 300, किरकोळ 600. बेरीज 6,300, म्हणजे महिन्याला 300 घरून मागावे लागतील. कागदावर आठ हजारांचा दिसणारा फरक हातात 2,800 चा होतो. सहा महिन्यांचे 16,800, त्यातून गादी, बादली, कुलूप, सामान नेण्याचे तीनेक हजार एकदाच जातील. राहिले पावणेचौदा हजारांच्या आसपास. रक्कम लहान नाही, पण पूर्ण सेमिस्टर कुठे घालवायचं हे ठरवण्याइतकी मोठीही नाही. आकडे आम्ही अंदाजाने मांडलेत. तू चाकणच्या दोन-तीन सीनिअर मुलींना फोन करून त्यांचे खरे आकडे घाल आणि तो कागद वडिलांसमोर ठेव. तोंडी वाद घालण्यापेक्षा बेरीज दाखवलेली बरी.

याच हिशेबात एक गोष्ट मुलं हमखास विसरतात. स्टायपेंड महिना भरल्यावर, पुढच्या महिन्याच्या सात ते दहा तारखेला पडतो. बँक खातं किंवा पॅनची नोंद अडकली तर त्याहून उशिरा. म्हणजे जानेवारीचे पैसे 10 फेब्रुवारीच्या आधी येत नाहीत. तोपर्यंत जानेवारीचा खर्च 11,500, एका महिन्याचं डिपॉझिट 5,000, सामानाचे 3,000, शिवाय फेब्रुवारीची कॉट आणि मेस आगाऊ 8,000. एकूण 27,500 खिशात हवेत. घरी त्याच सुमाराला द्राक्षाची नाहीतर डाळिंबाची औषधं चालू असतील, तर ही रक्कम आजच सांगून ठेव, जानेवारीत अचानक मागू नको. दुसरं, स्टायपेंड बहुधा हजर दिवसांवर मिळतो. 26 दिवसांचा महिना धरला तर दिवसाला 538 रुपये. गेटची परीक्षा, कॉलेजातले दोन रिव्ह्यू आणि अंतिम तोंडी परीक्षा यांसाठी पाच दिवस जरी गेले तरी 2,700 कापले जातात. रिव्ह्यूचे दिवस हजेरीत धरतात का, हे रुजू होण्याआधी विचार.

आता कामाचं.

‘सप्लायर क्वालिटी’ हे नाव भारदस्त आहे आणि काम चांगलंही असू शकतं. दर महिन्याला सप्लायरच्या कारखान्यात ऑडिटला नेत असतील, आलेल्या मालातला दोष शोधून त्याचं मूळ कारण लिहायला लावत असतील, तर सहा महिन्यांत दहा कारखाने बघून होतील. पण त्याच विभागात इंटर्नला खुर्ची, लॅपटॉप आणि पीपॅपच्या, म्हणजे पार्टला मंजुरी मिळण्याआधी सप्लायरने द्यायच्या कागदांच्या, फाइली देऊन बसवायची पद्धतही आहे. सप्लायरकडून आलेले कागद पूर्ण आहेत का बघायचं, नसतील तर मेल टाकायचा, एक्सेलमध्ये हिरवा-लाल रंग भरायचा. यातून मेल लिहायची सवय होते, पण मुलाखतीत ‘तू स्वतः काय सोडवलंस?’ असं विचारलं की घसा कोरडा पडतो. लहान कारखान्यात उलटा धोका. माणूस कमी पडला की इंटर्नला मशिनवर उभं करतात. पार्ट लाव, बटण दाब, काढ, हवा मार. पहिले आठ-दहा दिवस हे जरूर कर, कारण क्लॅम्प कुठे सैल पडतो ते हातालाच कळतं. पण महिनाभर तेच चाललं तर तू विद्यार्थिनी उरली नाहीस, सहा हजारांत मिळालेली ऑपरेटर झालीस.

कोणती कंपनी कुठल्या जातीची, हे वेबसाइटवरून कळत नाही, चार प्रश्नांतून कळतं. मी रोज कोणाला रिपोर्ट करणार, त्यांचं नाव काय? माझ्या आधीच्या इंटर्नने काय केलं, त्याचा रिपोर्ट बघायला मिळेल का? सहा महिन्यांच्या शेवटी माझ्याकडून तुम्हाला काय हवंय? मोजमाप घ्यायला मला सीएमएम (मापं घेणारं यंत्र), हाइट गेज, मास्टर पीस यांना हात लावायला मिळेल का? नाव न सांगता ‘एचआर कळवेल’ असं उत्तर आलं तर तुझी जागा अजून ठरलेलीच नाही. ‘आल्यावर बघू’ हे उत्तर मोठ्या कंपनीतून आलं तर धोक्याचं. लहान कारखान्यातून आलं तर तेवढं नाही, तिथे बोलायची रीतच तशी असते. तिथे जाऊन बघावं लागतं.

म्हणून पंधरा दिवसांतला एक दिवस कुपवाडला जा. त्यांनी बोलावलंच आहे. सकाळी शिफ्ट बदलायच्या वेळी पोहोच आणि तीन जागा बघ. पहिली, रिजेक्शनचा ढीग: लाल खोक्यात किंवा लाल रंग मारून वेगळा ठेवलाय, की चांगल्या मालाशेजारीच पडलाय? दुसरी, तपासणीचं टेबल: गेजवर कॅलिब्रेशनचं, म्हणजे ते बरोबर माप दाखवतं हे तपासल्याचं, स्टिकर आहे का, आणि त्यावरची तारीख गेलेली तर नाही? तिसरी, मशिनशेजारचा कागद: तासागणिक उत्पादन आणि बंद पडण्याची कारणं कोणी लिहितं का? तिन्ही चोख असतील तर शिकायला मिळेल. तिन्ही गबाळी असतील आणि तरीही वर्क्स मॅनेजर स्वतः पाऊण तास फिरवून ‘हे असं आहे, हे सुधारायचंय’ म्हणत असतील, तर त्याहून जास्त शिकायला मिळेल. गबाळं असून त्यावर कोणी बोलायलाच तयार नसेल तर मात्र परत ये.

‘कुपवाडात काय ठेवलंय’ या वडिलांच्या प्रश्नाला एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना हलवला तेव्हा तिथेही ‘काय ठेवलंय’ असंच होतं. नांगर, चरकापासून सुरू होऊन पुढे पंपांपर्यंत ते काम गेलं. ओतकाम आणि मशिनिंग हे या पट्ट्यातलं जुनं कसब आहे, पंप-व्हॉल्व्हच्या कास्टिंगचं काम कुपवाडला असण्यात नवल काहीच नाही. अर्थात नुसत्या परंपरेने तुला नोकरी मिळणार नाही, हेही वडील म्हणतील, आणि बरोबर म्हणतील.

तेव्हा हातात काय घेऊन बाहेर पडायचं, ते बोलू. तिथे प्रोजेक्ट म्हणून तीन विषय सहज निघतात, आणि तिन्ही एका माणसाला झेपणारे आहेत.

पहिला, गळती. पंपाची केसिंग किंवा व्हॉल्व्हची बॉडी मशिनिंग झाल्यावर पाण्याच्या दाबाखाली तपासतात आणि काही नग पाझरतात. मशिनिंगचा सगळा खर्च झाल्यावर नग बाद होतो, म्हणून मालकाला हा विषय सगळ्यात झोंबतो. चार आठवडे रोज बाद नगांवर खडूने गळतीची जागा खूण कर, आणि एका चित्रावर सगळ्या खुणा उतरव. खुणा एकाच कोपऱ्यात, विशेषतः जाड भिंत पातळ भिंतीला मिळते तिथे, गोळा झाल्या तर संशय श्रिंकेजवर: जाड भाग शेवटी गोठतो आणि त्याला पुरवायला वितळलेला धातू उरलेला नसतो. खुणा कुठेही विखुरलेल्या असतील तर ब्लो होलचा, म्हणजे वायूचा संशय. वाळूतला ओलावा, कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा) नीट न भाजणं, वायू निघायला वाट नसणं. नग कापून बघायला मिळाला तर आणखी सोपं. आतून गुळगुळीत, चकचकीत पोकळी वायूची. खडबडीत, फांद्या-फांद्यांसारखी दिसणारी श्रिंकेजची. इथे चूक होते ती अशी: मुलं पहिल्याच आठवड्यात फिशबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखी कारणांची आकृती, काढून त्यात पुस्तकातली वीस कारणं भरतात आणि फौंड्रीवाल्याला दोष देऊन मोकळी होतात. कास्टिंग बाहेरून येत असेल तर प्रत्येक नगावरचा हीट नंबर, म्हणजे तो धातूच्या कोणत्या वितळणीतून ओतला त्याचा नंबर, लिहून घे. एकाच हीटचे नग सलग बाद झाले, तर फौंड्रीशी बोलताना वर्क्स मॅनेजरांच्या हातात पुरावा राहतो. त्या वहीची किंमत तुझ्या रिपोर्टपेक्षा जास्त आहे.

दुसरा, सेटअपचा वेळ. व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मशिनिंग सेंटरवर) एका पार्टची बॅच संपून दुसऱ्याची सुरू होते तेव्हा मशिन किती वेळ बंद राहतं? मोजायचं ते जुन्या बॅचच्या शेवटच्या चांगल्या नगापासून नव्या बॅचच्या पहिल्या चांगल्या नगापर्यंत. फिक्स्चर बसलं की घड्याळ थांबवायचं नाही. निदान पाच सेटअप कागद-पेन्सिल घेऊन मिनिटामिनिटाने लिही, शक्यतो वेगवेगळ्या ऑपरेटरचे. मग प्रत्येक ओळीपुढे लिही: हे मशिन चालू असताना आधीच करता आलं असतं का? टूल शोधणं, पाना शोधणं, क्रेनची वाट, प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून आणणं, हे सगळं आधी होऊ शकतं. पहिला नग क्यूसीकडे, म्हणजे तपासणी विभागाकडे, नेऊन ‘ओके’ येईपर्यंतची वाट तर हमखास सापडते, कारण तपासणारा एकच आणि मशिनं सहा. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही, पहिल्या नगाला रांगेत पुढे घ्यायचा नियम लागतो. सावध एकाच बाबतीत राहा. स्टॉपवॉच घेऊन शेजारी उभी राहिलीस की ऑपरेटरला वाटतं, आपलं टार्गेट वाढणार. आदल्या दिवशी त्याच्याशी बोल, लिहिलेला कागद त्यालाच आधी दाखव, आणि ‘कुठे वेळ जातो’ हे त्यालाच विचार. वीस वर्षं त्या मशिनवर असलेल्या काकांना ते माहीतच असतं. फक्त आजवर कोणी विचारलेलं नसतं.

तिसरा, गेज आर अँड आर, म्हणजे तोच नग पुन्हा मोजला किंवा दुसऱ्याने मोजला तर माप किती बदलतं ते तपासणं. ऐकायला रुक्ष, पण दीड आठवड्यात संपतो आणि मुलाखतीत फार उपयोगी पडतो. 10 नग, 3 तपासणारे, प्रत्येकी 3 वेळा मोजणं, म्हणजे 90 वाचनं. नगांवर नंबर झाकून, क्रम बदलून द्यायचे, नाहीतर माणूस आधीचं वाचन आठवून तेच सांगतो. मोजण्यातली तफावत एकूण तफावतीच्या 10 टक्क्यांच्या आत आली तर पद्धत चांगली, 10 ते 30 मध्ये काम बघून चालवून घेण्याजोगी, 30 च्या वर नाही. नग निवडताना सगळे सारखे, एकाच तासातले घेतले की टक्का उगाच फुगतो. आठवडाभराच्या उत्पादनातून, लहान-मोठे सगळे यायला हवेत.

आमचं मत विचारशील तर, त्या दिवसाच्या भेटीत वर्क्स मॅनेजरांनी वरच्यापैकी एखादा विषय तुझा म्हणून द्यायचं कबूल केलं, तर कुपवाड घे. गेट हे त्यामागचं दुसरं कारण. जानेवारीत नवं गाव, नवी कॉट, नवी मेस आणि पाचेक आठवड्यांवर परीक्षा, हे गणित चाकणला बसत नाही. विश्रामबागची खोली, ओळखीची मेस, कॉलेजची लायब्ररी हाताशी ठेवून ते थोडं तरी बसतं. त्यांच्याकडे पहिली शिफ्ट मागून घे. सकाळी सात ते साडेतीन झालं की चारपर्यंत खोलीवर येतेस. तासभर झोप आणि मग तीन तास अभ्यास. जनरल शिफ्टमधून सहाला घरी आलेल्या माणसाकडून रात्री अभ्यास होत नाही, पहिले पंधरा दिवस तर नाहीच. आठ तास उभं राहायची पायांना सवय नसते. साप्ताहिक सुट्टी कोणत्या वाराला, तेही विचार. औद्योगिक भागात ती रविवारीच असते असं नाही, आणि मैत्रिणींचा रविवार नि तुझा सोमवार झाला की डब्यापासून अभ्यासापर्यंत सगळं बदलतं.

ते कबूल करत नसतील, आणि चाकणहून तुझ्या चार प्रश्नांना नावासकट उत्तरं आली असतील, तर बेलाशक चाकण. वडिलांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. मोठ्या कंपनीत इंटर्नमधून थेट घेण्याची शक्यता असते, आणि कॅम्पसमध्ये अजून काही लागलेलं नसताना ती कमी लेखू नये. मात्र ‘चांगलं काम केलंस तर घेऊ’ हे तोंडी वाक्य शून्य किमतीचं धर. गेल्या वर्षीच्या इंटर्नपैकी किती जणांना घेतलं, हे त्या इंटर्ननाच विचार.

दादाचं म्हणणं एका अटीवर बरोबर आहे: गेटची तयारी गेल्या पावसाळ्यापासून चालू असेल आणि सराव परीक्षांत गुण दिसत असतील तर. फॉर्म भरलाय एवढ्यावर सेमिस्टर राखून ठेवणं आम्हाला पटत नाही. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, परीक्षा पुढच्या वर्षीही देता येते. आठव्या सेमिस्टरची इंटर्नशिप मात्र एकदाच. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर, कॉलेजात राहिलेलं आठवं सेमिस्टर कट्ट्यावर आणि फेअरवेलच्या तयारीत कसं संपतं ते दादालाही ठाऊक असेल.

कागदपत्रांत काय अडतं ते आता सांगतो, कारण वर्ष वाया जातं ते कामामुळे नाही, कागदामुळे. क्रम असा ठेव: कंपनीच्या लेटरहेडवर पत्र, मग विभागाकडून एनओसी, मग रुजू होणं. अनेकजण ‘सोमवारपासून या’ म्हटलं की जातात आणि एनओसी तीन आठवड्यांनी घेतात. त्याआधीचे दिवस मग तासांत धरले जात नाहीत. पत्रात सुरू आणि संपण्याची तारीख, विभाग, मार्गदर्शकाचं नाव, रोजचे तास, स्टायपेंड या पाच गोष्टी हव्यातच. कुपवाडचे लोक दोन ओळींचं पत्र देतील. त्यांना दोष देऊ नको, नमुना तूच टाइप करून ने. तास किती लागतात ते तुमच्या नियमपुस्तिकेत बघ. यूजीसीच्या चौकटीत इंटर्नशिपचा 1 क्रेडिट म्हणजे 30 तास, एम.ए., एम.कॉम.च्या मुलांना पहिल्या वर्षी जे 4 क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग असतं ते याच हिशेबाने 120 तासांचं. इंजिनिअरिंगची पूर्ण सेमिस्टरची गोष्ट वेगळी, तिथे क्रेडिटला जास्त तास मोजतात. मागचा विषय राहिलेला असेल तर इंटर्नशिपला पाठवतात की नाही, हेही त्याच पुस्तिकेत असतं.

लॉगबुक दर शनिवारी सही करून घे. महिन्याभराच्या सह्या एकदम मागितल्या की मार्गदर्शक सुट्टीवर असतात, हा अलिखित नियम आहे. रिपोर्टमध्ये काय छापता येईल ते पहिल्याच आठवड्यात लेखी विचारून ठेव. बऱ्याच कारखान्यांत मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, ड्रॉइंग बाहेर नेऊ देत नाहीत. जूनमध्ये रिपोर्ट लिहिताना हे कळलं तर हातात काहीच नसतं. पार्ट नंबर आणि ग्राहकाचं नाव काढून, मापं न देता स्वतः काढलेलं रेखाचित्र, आणि आकड्यांऐवजी टक्केवारी, इतकं बहुतेक ठिकाणी चालतं. मूळ गुणपत्रिका किंवा दाखला कोणाकडे ठेवायला देऊ नको, झेरॉक्स दे. आणि एका कंपनीला हो म्हटल्यावर दुसरीकडे जाऊ नको. कॉलेजमार्फत आलेल्या कंपनीला शेवटच्या क्षणी नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी ती तुझ्या ज्युनिअरांच्या दारात येत नाही, आणि तुझंही प्लेसमेंट कार्यालयातलं खातं बिघडतं.

इंटर्नशिप देतो म्हणून दोन-चार हजार ‘नोंदणी फी’ मागणारे मेसेजही तुला येत असतील. तिथे पैसे तू देतेस आणि ते सर्टिफिकेट छापून देतात. ते विकत घ्यायचंच असेल तर निदान त्याला इंटर्नशिप म्हणू नको.

सरकारी योजनांबद्दल तू विचारलं नाहीस, पण कोणीतरी सांगेलच. पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणि राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना या दोन्ही 2024 मध्ये सुरू झाल्या तेव्हा पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हत्या, अर्ज करण्याआधी आताचे नियम बघ. नॅट्स या केंद्राच्या प्रशिक्षण योजनेखालची पदवीधर अप्रेंटिसशिप पदवीनंतरची, वर्षभराची. जूनमध्ये नोकरी हातात नसेल तर तो रस्ता उघडा आहे. मात्र ती एकदाच करता येते, म्हणून तिथेही कंपनी निवडताना वरचेच चार प्रश्न.

आता मैत्रिणीच्या भावाचं. आपल्याकडे ‘को-ऑप’ म्हटलं की आधी साखर कारखाना आणि पतसंस्था डोळ्यांसमोर येते. कॅनडातल्या को-ऑपचा त्या दोहोंशी काही संबंध नाही. वर्गातला काळ आणि कामावरचा काळ आलटून-पालटून ठेवायची ही पद्धत अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी 1906 मध्ये सुरू केली. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ 1957 मध्ये सुरूच झालं ते या पद्धतीवर. तिथे इंजिनिअरिंगच्या मुलाला चार-चार महिन्यांच्या कामाच्या पाळ्या असतात, एक नाही तर पाच-सहा, म्हणून पदवीला साधारण पाच वर्षं लागतात. पहिली पाळी फसली तरी दुसरीत सुधारता येतं. तुझी पाळी एकच आहे, म्हणून निवडीला एवढा वेळ द्यायचा. भाऊरावांची ‘कमवा आणि शिका’ आपल्या साताऱ्याकडची, ती आणखी वेगळी: तिथे श्रमाने शिक्षणाचा खर्च भागतो. इथे श्रम हेच शिक्षण आहे, खर्च भागला तर उत्तम.

राहिलं मुलगी म्हणून विचारायचं. शॉपमध्ये बायकांसाठी वेगळं, वापरण्याजोगं स्वच्छतागृह आहे का, हे भेटीच्या दिवशीच बघ. लाजू नको, आठ तासांचा प्रश्न आहे. लैंगिक छळविरोधी 2013 च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागतेच, साठ माणसांच्या कारखान्यात तर प्रश्नच नाही. समितीत कोण आहे ते नोटीस बोर्डवर दिसायला हवं. दहाच्या आतल्या ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. अपघात विमा कॉलेजच्या गटविम्यातून कंपनीतल्या दिवसांनाही लागू आहे का, हे विभागाला विचारून लेखी घे. ओढणी, सैल बाह्या, अंगठी, बांगड्या शॉपवर नकोत, केस टोपीत. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे घालायचे नाहीत, ते हातच ओढून नेतात. हातमोजे फक्त कास्टिंग उचलताना.

सेफ्टी शूज कंपनी देते का ते विचार. देत असली तरी स्टोअरमध्ये सात, आठ, नऊ नंबर पडून असतात, चार-पाच नंबर मागवावा लागतो आणि त्याला आठवडा-पंधरवडा जातो. भेटीच्या दिवशीच आपला नंबर सांगून ये.